त्यागाचा रकाना
(तरुण संघ व अभ्यासमंडळांसाठी)

वाचकहो, आपल्यापैकी ज्यांनी शाळेच्या किंवा गावच्या क्रिकेट सामन्यात गुणलेखकाशेजारी बसून वही भरली आहे, त्यांना पुढील प्रसंग नवा वाटणार नाही. शेवटची दोन षटके उरली आहेत. एका टोकाला जम बसलेला फलंदाज ऐंशीवर खेळतो आहे, दुसऱ्या टोकाला नवव्या क्रमांकाचा गडी. धाव घेताना गोंधळ होतो आणि दोघेही एकाच टोकाला येऊन ठेपतात. त्या क्षणी नवव्या क्रमांकाचा गडी, आपण क्रीजमध्ये असतानाही, मुकाट्याने दुसऱ्या टोकाकडे धावत सुटतो. तो बाद होणार हे त्यालाही ठाऊक असते. चांगला फलंदाज वाचतो, सामना जिंकला जातो. आता वही पाहा. त्या गड्याच्या नावापुढे लिहिलेले असते, 'धावचीत, ३'. ज्याच्या आळशीपणामुळे तो धावचीत होतो त्याच्या नावापुढेही नेमके हेच शब्द असतात. क्रिकेटच्या वहीत या दोघांत फरक करणारा रकाना नाही.

बेसबॉल या अमेरिकन खेळाच्या वहीत मात्र असा रकाना आहे. शंभराहून अधिक वर्षे तो भरला जात आहे. आपण बाद होऊन सोबत्याला पुढे सरकवणाऱ्या फलंदाजाची नोंद त्यात होते, आणि कारकिर्दीअखेर त्या नोंदींची बेरीज इतर बेरजांबरोबर छापली जाते. या महिन्याच्या पाठासाठी आपण हा एकच रकाना घेणार आहोत. त्यात कोणाचे नाव सर्वांत वर आहे, त्या आकड्यात खरोखर काय मोजले गेले, आणि काय मोजायचे राहून गेले, एवढाच आपला विषय. आकडे बरेच येतील. मंडळात हा पाठ घेणाऱ्यांनी फळा व खडू जवळ ठेवावा.

खेळाची तोंडओळख

आपल्याकडे बेसबॉल फारसा खेळला जात नाही. काही शाळांतून सॉफ्टबॉल खेळतात, तो याचाच धाकटा भाऊ. तेव्हा प्रथम खेळ समजून घेऊ. फळ्यावर एक चौकोन काढा आणि तो कोनावर उभा करा. खालचा कोपरा म्हणजे 'होम'. तेथे फलंदाज उभा राहतो. उजवीकडचा कोपरा पहिला बेस, वरचा दुसरा, डावीकडचा तिसरा. एका कोपऱ्यापासून पुढच्या कोपऱ्यापर्यंत ९० फूट. चौकोनाच्या मध्याजवळ चेंडू टाकणारा पिचर असतो. फलंदाजाने चेंडू मारून पहिल्या बेसकडे धावायचे. चेंडू त्याच्या आधी तेथे पोचला तर तो बाद. पोचला नाही तर तो तेथे उभा राहतो आणि पुढच्या फलंदाजांच्या फटक्यांवर एकेक बेस पुढे सरकतो. सगळी फेरी पुरी करून होमला परतला की एक धाव. तीन गडी बाद झाले की डाव संपला, आणि बेसवर जे उभे असतील त्यांची निम्मी वाट फुकट गेली.

या शेवटच्या वाक्यातच आपल्या विषयाचे बीज आहे. एका डावात अवघे तीन बळी. म्हणजे प्रत्येक बाद होणे फार महाग. आता समजा, पहिल्या बेसवर एक गडी उभा आहे आणि अजून कोणी बाद झालेले नाही. फलंदाजाने नेहमीसारखा जोराचा फटका मारला तर कदाचित छान हिट बसेल. पण चेंडू सरळ क्षेत्ररक्षकाच्या हाती गेला तर एकाच चेंडूवर दोघेही बाद होण्याची भीती. अशा वेळी फलंदाज दुसराच मार्ग धरतो. पिचर हात उचलतो न उचलतो तोच तो वळून त्याच्यासमोर उभा राहतो, वरचा हात बॅटच्या जाड भागापर्यंत सरकवतो, आणि चेंडू मारण्याऐवजी बॅट नुसती पुढे धरून त्याचा जोर मारून टाकतो. चेंडू आठ-दहा पावले घरंगळतो आणि गवतात थांबतो. याला 'बंट' म्हणतात. क्षेत्ररक्षक धावत येऊन तो उचलेपर्यंत पहिल्या बेसवरचा गडी दुसऱ्यावर पोचलेला असतो. तेव्हा चेंडू पहिल्या बेसकडे फेकला जातो आणि फलंदाज बाद होतो. तो मान खाली न घालता परत येऊन बाकावर बसतो, सोबती त्याच्या पाठीवर थाप मारतात, आणि गुणलेखक त्याच्या चौकटीत एक निराळी खूण करतो. इंग्रजीत तिला 'सॅक्रिफाइस' म्हणतात.

या शब्दाशी आपण जरा थांबू. आपल्या वाचकांच्या कानांना हा शब्द यज्ञ, अर्पण, बलिदान अशा मोठ्या अर्थांनी परिचित आहे. चेंडूफळीच्या खेळात एक पाळी गमावून बाकावर पाणी पीत बसणाऱ्या माणसाला यांपैकी कोणताही शब्द लावणे अवघडच वाटते. अमेरिकन लोकांनी तो लावला खरा, पण खेळताना ते त्याचा विचार करीत असतील असे वाटत नाही. आपण येथे 'त्यागाचा बंट' म्हणू. तोही शब्द मोठाच आहे, पण चालून जाईल.

नियमाचे दोन बारकावे लक्षात ठेवले पाहिजेत, कारण पुढचा सारा विचार त्यांवर उभा आहे. पहिला असा की, त्यागाचा बंट ही फलंदाजाची 'पाळी' धरली जात नाही. बेसबॉलमध्ये फलंदाजाची सरासरी म्हणजे किती पाळ्यांत किती हिट. पाळी धरलीच नाही तर सरासरी कमी होत नाही. म्हणजे या त्यागाची भरपाई वहीतच करून ठेवलेली आहे. दुसरा बारकावा गुणलेखकाविषयी आहे. फलंदाजाने स्वतः बेसवर पोचण्यासाठी बंट केला की सोबत्याला पुढे नेण्यासाठी, हे गुणलेखकाने ठरवायचे. त्याला माणसाच्या मनात शिरता येत नाही. तेव्हा नियमच सांगतो की शंका असल्यास तिचा फायदा फलंदाजाला द्यावा. मात्र पुढचा गडीच बाद झाला तर हेतू कितीही चांगला असो, त्यागाची खूण मिळत नाही आणि पाळी धरली जाते.

कॉलिन्सचे ५१२

अमेरिकेच्या मोठ्या लीगमध्ये या रकान्यात सर्वांत वर नाव आहे एडी कॉलिन्स याचे. आकडा ५१२. दुसऱ्या क्रमांकावर जेक डॉबर्ट आहे, ३९२. म्हणजे दोघांत १२० चे अंतर.

आपली कल्पना अशी होईल की एवढ्या वेळा स्वतः बाद होणारा हा कोणी दुबळा फलंदाज असावा, ज्याच्याकडून दुसरे काही होत नव्हते. तसे मुळीच नाही. कॉलिन्स हा बेसबॉलच्या इतिहासातील थोर फलंदाजांपैकी एक. जन्म १८८७, न्यूयॉर्क राज्यात. कोलंबिया विद्यापीठात शिकत असतानाच, १९०६ मध्ये, तो फिलाडेल्फिया ॲथलेटिक्स या व्यावसायिक संघाकडून खेळला; विद्यापीठाला कळू नये म्हणून 'सलिव्हन' या खोट्या नावाने. (हा भाग अनुकरणीय नव्हे, पुढे विद्यापीठाच्या संघात खेळण्याचा त्याचा हक्कही गेला.) १९०६ ते १९३० अशी पंचवीस वर्षे तो खेळत राहिला. ३,३१५ हिट, सरासरी .३३३, म्हणजे दर हजार पाळ्यांमागे ३३३ हिट. चोरून बेस पळवण्यात तर तो पहिल्या काही जणांत. १९१४ च्या अखेरीस त्याला शिकागोच्या व्हाइट सॉक्स संघाने ५०,००० डॉलर मोजून घेतले. त्या काळी ही रक्कम ऐकून लोक थक्क झाले होते.

असा माणूस पाचशेहून अधिक वेळा आपली बॅट आडवी धरतो, हे समजण्यासाठी तो काळ डोळ्यांपुढे आणला पाहिजे. १९२० पूर्वी चेंडू मऊ असे, आणि एकच चेंडू मळून काळा होईपर्यंत वापरीत. होमरन म्हणजे मैदानाबाहेर जाणारा फटका दुर्मिळ. १९०८ साली एका सामन्यात एका संघाच्या सरासरी साडेतीनही धावा होत नसत. अशा खेळात एकेक धाव मुंगीने साखरेचा कण ओढावा तशी ओढून आणावी लागे. मैदाने खडबडीत, हातमोजे लहान. घरंगळत आलेला चेंडू उचलताना क्षेत्ररक्षकाच्या हातून चूक होण्याचा संभव मोठा. तेव्हा बंट हे दुबळ्याचे हत्यार नव्हते, सर्वांचेच होते.

आता त्या ५१२ चे पोट फाडून पाहू. १९०८ साली नियम बदलला. फलंदाजाने उंच फटका मारला, तो झेलला गेला, पण झेल पडल्यावर तिसऱ्या बेसवरचा गडी धावत होमला पोचला, तर तोही त्याग धरावा असे ठरले; आणि त्याची नोंद बंटच्याच रकान्यात होऊ लागली. १९२६ पासून तर उंच झेलावर कोणताही गडी एक बेस पुढे सरकला तरी त्याग. १९३१ मध्ये ही सवलत काढून टाकली. १९३९ साली एका वर्षापुरती ती परत आली, पुन्हा गेली, आणि १९५४ पासून उंच फटक्याच्या त्यागाला स्वतंत्र रकाना मिळाला.

फळ्यावर या सालांपुढे कॉलिन्सची साले लिहा. तो १९०६ पासून १९३० पर्यंत खेळला. म्हणजे त्याच्या पंचवीस हंगामांपैकी पहिले दोन सोडले तर सारे त्या मिश्र रकान्याच्या काळात गेले, आणि तो थांबला त्याच्या पुढच्याच वर्षी सवलत बंद झाली. त्याच्या ५१२ मध्ये पुष्कळसे बंट आहेत यात शंका नाही, पण त्यात उंच झेलही आहेत. उंच झेल देणारा फलंदाज सहसा झेल द्यायला गेलेला नसतो. तो हिट मारायला गेलेला असतो आणि फसतो. त्याच्या फसण्यातून संघाला धाव मिळाली ही चांगली गोष्ट, पण तिला त्याग म्हणणे म्हणजे हातून पडलेला पैसा भिकाऱ्याच्या वाटीत गेला म्हणून दानपत्रात लिहिण्यासारखे आहे. होमरनचा राजा बेब रूथ याच्याही नावावर कारकिर्दीत ११३ त्याग आहेत ते वाचून नवल वाटते. त्याचेही बरेचसे उत्तर याच मिश्र रकान्यात आहे.

कॉलिन्सचा मोठेपणा यामुळे कमी होतो असे मला वाटत नाही. उलट त्याच्या बाबतीत एक गोष्ट अशी आहे जी कोणत्याच रकान्यात नाही. १९१९ च्या अजिंक्यपदाच्या मालिकेत त्याच्याच संघातील आठ खेळाडूंवर जुगाऱ्यांशी संगनमत करून सामने हरल्याचा आरोप आला. १९२१ मध्ये न्यायालयातून ते सुटले, पण खेळाच्या आयुक्तांनी त्या आठांना जन्मभरासाठी बंदी घातली. कॉलिन्स त्या संघाचा कप्तान होता आणि त्या आठांत तो नव्हता. पुढे १९३९ मध्ये बेसबॉलच्या सन्मान-मंदिरासाठी त्याची निवड झाली.

एका हंगामातील सर्वाधिक त्यागांचा अमेरिकन विक्रमही येथेच सांगून टाकू. क्लीव्हलँडचा रे चॅपमन, १९१७, आकडा ६७; तोही मिश्र रकान्यातलाच. या चॅपमनला तीन वर्षांनी, १६ ऑगस्ट १९२० रोजी, न्यूयॉर्कच्या मैदानावर कार्ल मेज याचा चेंडू डोक्याला लागला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तो मरण पावला. वय २९. मोठ्या लीगच्या सामन्यातील दुखापतीने मेलेला तो एकमेव खेळाडू. संध्याकाळच्या अंधुक प्रकाशात तो मळका चेंडू त्याला दिसलाच नसावा असे पुष्कळांचे मत पडले. मळलेले चेंडू बदलून पांढरे स्वच्छ चेंडू देण्याची दक्षता त्यानंतर कसोशीने घेतली जाऊ लागली. स्वच्छ चेंडू, अधिक दूर जाणारे फटके आणि रूथसारखे फलंदाज यांमुळे होमरनचे युग आले, आणि चॅपमन ज्या कलेत निपुण होता तिची किंमत उतरू लागली.

ओकायामाचा पिचर

अमेरिकेत बंट मागे पडला, पण समुद्रापलीकडे जपानात तो टिकला, वाढला, आणि शाळकरी मुलांच्या सामन्यांपासून व्यावसायिक संघांपर्यंत शिस्तीचा भाग होऊन बसला. जगातील सर्वाधिक त्यागाच्या बंटांचा विक्रम तेथलाच आहे. मासाहिरो कावाई, ५३३.

कावाईचा जन्म १९६४ चा, ओकायामा प्रांतातला. शाळेत तो पिचर होता. टोकियोच्या योमिउरी जायंट्स संघात आला तो १९८३ च्या हंगामासाठी. हा संघ म्हणजे जपानमधील सर्वांत श्रीमंत, सर्वांत लाडका संघ. ८६८ होमरन मारणारा सादाहारू ओ याच संघातून १९८० मध्ये निवृत्त झाला होता. अशा संघात सामान्य बांध्याच्या, लांब फटके न मारता येणाऱ्या मुलाने जागा कशी मिळवावी? कावाईने दोन गोष्टी धरल्या, शॉर्टस्टॉपच्या जागी क्षेत्ररक्षण आणि बंट. क्षेत्ररक्षणासाठी त्याला सहा वेळा सुवर्ण हातमोजा मिळाला. बंटमध्ये तर दहापैकी नऊ वेळा त्याचा प्रयत्न सफल होई.

हे वाटते तेवढे सोपे नाही. गडी पहिल्या बेसवर असेल तर बंट पहिल्या बेसच्या बाजूला टाकायचा, कारण तेथील क्षेत्ररक्षक गड्याला धरून उभा असतो व त्याला पुढे यायला उशीर होतो. गडी दुसऱ्या बेसवर असेल तर बंट तिसऱ्याच्या बाजूला, एवढा लांब की तिसऱ्या बेसच्या रक्षकालाच जागा सोडून यावे लागेल. दोन स्ट्राइक झाल्यावर बंट रेषेबाहेर गेला तर फलंदाज बादच. आणि हे सारे, पुढ्यात कोण आणि काय करणार हे साऱ्या मैदानाला आधीच ठाऊक असताना.

१९९१ च्या एका हंगामात कावाईने ६६ त्याग केले. तो जपानचा विक्रम २००१ मध्ये याकुल्ट स्वॉलोजच्या शिन्या मियामोतोने ६७ करून मोडला. चॅपमनचा आणि मियामोतोचा आकडा एकच, ६७. पण जपानात उंच फटक्याच्या त्यागाचा रकाना वेगळा आहे, त्यामुळे मियामोतोचे सदुसष्टही बंट.

२० ऑगस्ट २००३ रोजी टोकियोमध्ये कावाईने कारकिर्दीतला ५१२ वा त्यागाचा बंट केला आणि जागतिक विक्रम त्याच्या नावे झाला. त्या वेळी कॉलिन्सचा आकडा ५११ धरीत असत. आज अमेरिकन नोंदींत तो ५१२ आहे. जुन्या वह्या तपासल्या की असे एखाददुसरे घर इकडचे तिकडे होते. कावाईने मात्र हा वाद मागे ठेवला. त्याच वर्षी त्याने जाहीर केलेली निवृत्ती मागे घेतली, चाळिशीच्या उंबरठ्यावर नागोयाच्या चुनिची ड्रॅगन्स संघात जाऊन पुन्हा उमेदवारी केली, आणि तीन हंगाम खेळून २००६ मध्ये ५३३ वर थांबला.

त्याची बाकीची बेरीज सांगतो. सरासरी .२६६, होमरन ४३, हिट सुमारे बाराशे. जपानात नावाजलेल्या खेळाडूंचे एक मंडळ आहे, त्यात शिरायला फलंदाजाला २,००० हिट लागतात. आपण एक तोंडी हिशेब करू. कावाईने ते ५३३ बंट न करता नेहमीसारखी फलंदाजी केली असती, तर त्याच्या सरासरीने त्याला फार तर १४० हिट जास्त मिळाले असते. बाराशे आणि एकशे चाळीस, तेराशे चाळीस. दोन हजारांचे दार तरीही लांबच. पण दुसऱ्या बाजूने पाहा. बंट नसता तर त्याला जायंट्सने वीस वर्षे ठेवून घेतले असते काय? जी गोष्ट तो संघाला देत होता तीच त्याची रोजीरोटीही होती. यात कमीपणा नाही. शिंप्याने दुसऱ्याचा अंगरखा शिवला म्हणून त्याची शिलाई खोटी ठरत नाही. मात्र 'त्याग' हा शब्द उच्चारताना हेही आठवलेले बरे.

आणखी एक प्रश्न येथे मंडळात चर्चेला घेता येईल. बंट करायचा की नाही हे बहुधा फलंदाज ठरवीत नाही. प्रशिक्षक तिसऱ्या बेसजवळ उभा राहून टोपीला, कानाला, दंडाला हात लावतो. त्या खुणांतून हुकूम येतो. हुकुमावरून केलेले ते कोणाचे देणे? गुणलेखक या प्रश्नात पडत नाही. तो खूण फलंदाजाच्याच चौकटीत करतो, आणि मला वाटते त्याने तसेच करावे. कारण हुकूम आल्यावरही बॅट मनापासून धरायची की चुकारपणे, हे फलंदाजाच्याच हाती राहते.

हिशेब काय सांगतो

येथवर आपण धरून चाललो की फलंदाज बाद झाला, पण संघाचा फायदा झाला. तो खरोखर होतो का?

हा प्रश्न आकड्यांनी तपासणाऱ्या पहिल्या लोकांत जॉर्ज लिंडसे हा कॅनडाचा संशोधक होता. संरक्षणखात्यात गणिती काम करणारा हा गृहस्थ बेसबॉलचा शौकीन. त्याच्या वडिलांनी शेकडो सामन्यांची चेंडूगणिक टिपणे करून दिली, आणि त्यांवरून त्याने डावातील प्रत्येक परिस्थितीत, म्हणजे कोणत्या बेसवर गडी आणि किती बाद, पुढे सरासरी किती धावा होतात याचे कोष्टक मांडले. १९६३ मध्ये ते प्रसिद्ध झाले. पुढे संगणक आले, लाखो पाळ्यांची टिपणे जमली, पण निष्कर्ष फारसा हलला नाही.

तो असा. अमेरिकन मोठ्या लीगमध्ये २०१० ते २०१५ या वर्षांत, पहिल्या बेसवर गडी आणि कोणी बाद नाही अशी स्थिती शंभर वेळा आली, तर त्या शंभर डावांत पुढे साधारण ८६ धावा झाल्या. बंट यशस्वी झाल्यावर स्थिती होते दुसऱ्या बेसवर गडी आणि एक बाद. अशा शंभर डावांत साधारण ६६ धावा. म्हणजे बंट अगदी नेमका झाला तरी शंभर वेळांमागे वीस धावा हातच्या जातात. कोणी म्हणेल, आम्हाला पुष्कळ धावा नकोत, सामना बरोबरीत आहे, एकच हवी. ठीक. निदान एक धाव होण्याचा संभव पहिल्या स्थितीत शंभरात सुमारे ४२, दुसऱ्या स्थितीत सुमारे ४०. तेथेही लाभ नाही. पहिल्या व दुसऱ्या दोन्ही बेसवर गडी असतील तर एक धाव होण्याचा संभव बंटने काहीसा वाढतो. फलंदाज फारच दुबळा असेल तरीही बंट परवडतो. पिचरला फलंदाजी करावी लागे तेव्हा बंट बहुतेक त्याच्याच वाट्याला येई. अमेरिकन लीगने १९७३ मध्ये आणि नॅशनल लीगने कायमचे म्हणून २०२२ मध्ये पिचरऐवजी दुसरा फलंदाज देण्याची पद्धत स्वीकारली, आणि त्यागाच्या बंटांची संख्या एका वर्षात जवळपास निम्म्यावर आली. कॉलिन्सच्या ५१२ च्या जवळपास तेथे आता कोणी पोचणे नाही.

तरुण मित्रांना हे कोष्टक दाखवले की ते लगेच म्हणतात, मग कावाईची वीस वर्षे फुकट गेली म्हणा की! मी तसे म्हणणार नाही, पण त्यांना गप्पही करणार नाही. कोष्टक सरासरी फलंदाजाचे आहे. समोरचा पिचर, पुढचा फलंदाज, ओले मैदान, या गोष्टी त्यात सपाट होतात. कॉलिन्सच्या तरुणपणी, जेव्हा धावाच कमी होत आणि चुका जास्त, तेव्हा हिशेब बंटच्या बाजूने आजच्यापेक्षा बराच झुकलेला असणार. पण एवढे सारे वजा करूनही हे उरतेच की शेकडो वेळा चांगल्या हेतूने, उत्तम कौशल्याने केलेले देणे ज्याला दिले त्याच्या कामी आले नाही. ते प्रशिक्षकांना नको होते असे नाही. त्यांनी हिशेब केला नव्हता. पाठीवर थाप मिळत होती, खूण मिळत होती, सरासरी शाबूत राहत होती, मग तपासणार कोण?

जे वहीत येत नाही

शेवटी क्रिकेटच्या त्या नवव्या क्रमांकाच्या गड्याचा बेसबॉलमधील भाऊ पाहू. दुसऱ्या बेसवर गडी आहे, कोणी बाद नाही. फलंदाज बंट करीत नाही. तो बॅट पुरी फिरवतो, पण मुद्दाम उशिरा, म्हणजे चेंडू जमिनीवरून उजव्या बाजूला, पहिल्या व दुसऱ्या बेसच्या मध्ये जाईल. तिकडचा क्षेत्ररक्षक तो उचलतो; तेथून तिसरा बेस लांब पडतो, म्हणून तो चेंडू पहिल्या बेसकडे फेकतो. फलंदाज बाद. तेवढ्यात दुसऱ्या बेसवरचा गडी तिसऱ्यावर पोचलेला असतो, जेथून नुसत्या उंच झेलावरही धाव निघते. काम तेच झाले जे बंटने झाले असते, आणि हिट बसण्याची थोडी आशाही शिल्लक ठेवून. जाणते खेळाडू याची कदर करतात. बाकावर परतणाऱ्या त्या फलंदाजाला हात पुढे करतात.

पण बॅट आडवी धरलेली नव्हती, म्हणून नियमानुसार हा त्याग नाही. पाळी धरली जाते आणि सरासरी घसरते. बेसबॉलच्या वहीत क्षेत्ररक्षकांना क्रमांक असतात. दुसऱ्या बेसचा रक्षक ४, पहिल्या बेसचा ३. गुणलेखक फलंदाजाच्या चौकटीत लिहितो ४-३. मंडळातील मुलांना फळ्यावर ते तसेच लिहून दाखवा. ज्याने आंधळेपणाने बॅट फिरवली आणि ज्याचा चेंडू कसाबसा तिकडे घरंगळला, त्याच्याही चौकटीत ४-३ हेच असते.